पिग्मीच्या फेरीवर गोड बोलायचं की नीट वागायचं?

खानापूर तालुक्यातला एक मुलगा, बी.कॉम. झालेला, बेळगावात एका पतसंस्थेत नुकताच लागलाय. सकाळी काउंटर आणि दुपारनंतर बाजारात पिग्मीची फेरी, म्हणजे दारोदार फिरून रोजची छोटी बचत गोळा करणं, असं काम. त्याचा प्रश्न असा: "साहेब म्हणतात, गिऱ्हाइकाशी गोड बोल. मी बोलतो. तर लोक गृहीत धरतात. रांग मोडतात, 'उद्या ये' म्हणून पिटाळतात, चार लोकांत आवाज चढवतात. माझ्याबरोबरचा एक जण फटकून बोलतो, त्याला कुणी काही म्हणत नाही. वर भाषेचा घोळ आहेच. मराठीत सुरुवात केली तर एखादा भडकतो, कन्नडात केली तर दुसरा. ह्या सभ्यपणाचा रोजच्या जगण्यात खरंच काही उपयोग आहे, की तो शाळेतल्या सुविचाराच्या फळ्यापुरताच?"

मी ह्याच कामात केस पिकवले. आधी पिग्मी, मग काउंटर, मग वसुली. आणि आता नवीन मुलांना कामाला लावायच्या आधी थोडे दिवस माझ्याजवळ बसवतात. म्हणून जरा सविस्तर लिहितो. वयानं तुम्ही माझ्या मुलासारखे असाल, तरी 'तुम्ही'च लिहिणार आहे. आमच्या काउंटरवर सातवीतलं पोर पासबुक घेऊन आलं तरी त्याला 'तुम्ही'च म्हणायची पद्धत आहे. पोर आधी मागं वळून बघतं, आपल्या पाठीशी कोण मोठा माणूस उभा आहे म्हणून.

उपयोग आहे आणि भरपूर आहे. खरं तुमचे साहेब ज्याला गोड बोलणं म्हणतात त्याचा फारसा नाही. समोरचा माणूस आपल्यापुढे अवघडणार नाही, चार लोकांत त्याची मान खाली जाणार नाही, त्याला विनाकारण हेलपाटा पडणार नाही, एवढं आधी बघायचं. जिभेचं काम त्यानंतर. हे जमलं तर शब्द रांगडे असले तरी चालून जातात. हे जमलं नाही तर 'सर', 'मॅडम', 'प्लीज' सगळं वाया.

रांगड्या शब्दांचं आधी सांगतो, कारण आपल्या भागात नवीन माणूस तिथंच फसतो. येळ्ळूरचा किंवा उचगावचा एखादा शेतकरी दारातूनच ओरडतो, "काय रे लेका, लई दिवसानं दिसालास!" पुण्याहून बदलून आलेल्या एका अधिकाऱ्याला हे फार लागलं होतं. त्याच शेतकऱ्यानं सुगीच्या वेळी त्याला घरी नेऊन पोटभर जेवू घातलं आणि निघताना तांदळाची पिशवी हातात दिली, तेव्हा कुठं त्याला उलगडा झाला. रविवार पेठेत पाठीवर पोतं घेतलेला हमाल "ए, बाजू!" म्हणून खेकसतो. त्याला उद्धट म्हणायचं नाही. ओझं त्याच्या पाठीवर आहे, बाजूला व्हायचं आपण. उलट, अतिशय शुद्ध आणि मऊ भाषेत माणसाला चार वेळा परत पाठवणारे लोकही मी बघितलेत, आणि ते काही कमी नाहीत.

आता तुमच्या पिग्मीकडे येतो. ही पद्धत आपल्याकडे आली उडुपीहून. तिथं १९२५ साली सिंडिकेट बँक निघाली. हातमागाचा धंदा बसल्यानं अडचणीत आलेल्या विणकरांना हात द्यावा, हा तिच्यामागचा एक हेतू. १९२८ साली त्यांनी पिग्मी सुरू केली: बँकेचा माणूस रोज दारात येणार आणि दोन आणे असले तरी घेऊन जाणार. ती बँक २०२० च्या एप्रिलमध्ये कॅनरा बँकेत विलीन झाली, खरं पिग्मी मात्र गावोगावच्या पतसंस्थांत राहिली. शहापूर, वडगाव, खासबाग भागातल्या मागवाल्यांना ती कुणी समजावून सांगावी लागत नाही. त्या काळचा विचार करा. ज्याला वाचता येत नाही असा माणूस आपल्या कमाईतले दोन आणे रोज एका पोराच्या हातात देतो. मशीन नाही, मोबाइलवर मेसेज नाही. त्या पोराचं रोजचं वागणं एवढाच त्याच्याकडे पुरावा. आज तुमच्या हातात पावती काढणारं मशीन आहे, तरी गिऱ्हाईक बघतं ते तुम्हालाच.

म्हणून "उद्या ये म्हणून पिटाळतात" ह्याचं उत्तर तुम्ही कसे उभे राहता त्यात आहे. गणपत गल्लीत फळांच्या गाड्यासमोर तुम्ही जाता. चार गिऱ्हाइकं उभी आहेत. तुम्ही त्यांच्या खांद्यावरून मशीन पुढं करता आणि म्हणता, "मामा, पिग्मी." मामांकडे आज पैसे नाहीत. सकाळपासून पाऊस, माल तसाच पडून आहे. आता त्यांना चार गिऱ्हाइकांसमोर 'नाहीत' म्हणायची वेळ तुम्ही आणली. ते चिडूनच म्हणणार, "उद्या ये जा!" तुम्हाला वाटलं आपल्याला हाकललं. खरं तर तुम्ही त्यांना कोपऱ्यात गाठलं होतं.

ह्यापेक्षा गाड्याच्या तिरक्या बाजूला, त्यांना दिसाल इतक्या अंतरावर थांबा. मशीन पिशवीत असू दे. त्यांची नजर आली की मान हलवा. पैसे असतील तर ते स्वतः गल्ल्याकडे हात नेतील. नसतील तर डोळ्यांनीच सांगतील, तुम्हीही डोळ्यांनीच 'असू दे' म्हणायचं आणि पुढं चालायचं. शब्द एकही नाही. दुसऱ्या दिवशी "काल का नाही दिलात?" विचारायचं नाही, ते स्वतः काढतील विषय, दोन दिवसांचे एकदम देतील. आणि कुणाच्या खात्यात किती जमलेत ते शेजारच्या गाड्यावाल्याला ऐकू जाईल असं कधीही बोलायचं नाही. "मामा, तुमचे आठ हजार झाले की!" हे तुम्ही कौतुकानं म्हणाल. तासाभरात त्यांचा मेहुणा उसने मागायला हजर.

तुमचा तो फटकून बोलणारा सहकारी. त्याला कुणी काही म्हणत नाही हे मान्य. मात्र त्याची खाती मुदत संपल्यावर पुन्हा सुरू होतात का, हे एकदा रजिस्टर उघडून बघा. लोक भांडत नाहीत, फक्त दुसऱ्या संस्थेच्या एजंटाकडे जातात, आणि जाताना कारण सांगत नाहीत.

काउंटरवरची एक गोष्ट जवळून दाखवतो. म्हातारी बाई पैसे काढायला येते. नवीन क्लार्क मान वर न करता विचारतो, "सही की अंगठा?" मागं रांग उभी. बाई हळूच म्हणते, "अंगठा." तो शब्द म्हणताना तिचा आवाज कसा होतो ते ऐका एकदा. आम्ही मुलांना शिकवतो की विचारूच नका. स्लिप सरकवताना पेन आणि शाईचं पॅड दोन्ही बरोबर सरकवा. जिला सही येते ती पेन उचलेल, जिला येत नाही ती अंगठा पुढं करेल. पुरुषाचा डावा, बाईचा उजवा अंगठा घेतात, हे तिला तुमच्याआधी माहीत असतं. हात धरून ओढायची गरज नाही. आणि पॅडशेजारी ओलं फडकं ठेवा. फडकं नसलं की बाई शाईचा अंगठा केसांना पुसते किंवा लुगड्याच्या आतल्या बाजूला. साध्या फडक्याचा प्रश्न आहे, तरी कित्येक ठिकाणी ते नसतं. शाई मात्र भरपूर.

तसंच चपलांचं. खेड्यातून आलेला माणूस फरशी बघून दारात चपला काढतो. "अहो, राहू दे, राहू दे!" म्हणून ओरडून त्याच्याकडे सगळ्यांच्या नजरा वळवू नका. काढल्या तर काढू दे. तुम्ही फक्त बाहेर पायपुसणं घाला आणि त्याला बसायला खुर्ची दाखवा.

'बसा' म्हणण्यावरून बसवण्णांचं, म्हणजे महात्मा बसवेश्वरांचं, एक वचन आठवतं. बाराव्या शतकातलं आहे, आणि आपल्या उत्तर कर्नाटकात कन्नड शाळेत गेलेल्या बहुतेकांना ते येतं. त्याचा भाव असा: आलेल्याला 'का आलात, बरे आहात ना' विचारलं तर तुमची श्रीमंती उडून जाणार आहे का? 'बसा' म्हटलं तर जमीन खचणार आहे का? लगेच बोललात तर डोकं फुटेल का, पोट फुटेल का? पुढं ते म्हणतात, द्यायला काही नाही ते नाही, आणि एवढाही गुण नसेल तर देव नाक कापल्याशिवाय सोडेल का? नऊशे वर्षांपूर्वीही काउंटरच्या आतले लोक असेच होते तर!

भाषेचा प्रश्न तुम्ही शेवटी टाकलाय, खरं तो आपल्याकडे पहिला असतो. एक गोष्ट नीट समजून घ्या. १९५६ च्या १ नोव्हेंबरला हा भाग ज्या राज्यात गेला त्याबद्दल माझी मतं आहेत, तुमचीही असतील, आणि काउंटरच्या पलीकडच्या माणसाचीही असतील. १ नोव्हेंबरला कुणी राज्योत्सवाला जातं, कुणी काळ्या दिनाच्या फेरीत असतं. दोघांचीही खाती आपल्याकडे आहेत. महाराष्ट्रात जायची मागणी तिच्या जागी; तिचा हिशेब स्लिपवर करायचा नसतो. गावाचं नाव २०१४ मध्ये सरकारी कागदावर 'बेळगावी' झालं. कुणी स्लिपवर बेळगाव लिहितं, कुणी बेळगावी. दोन्ही स्लिपा सारख्याच पास होतात, तेव्हा लाल पेन खिशात ठेवा.

पद्धत सोपी आहे. पहिला शब्द 'नमस्कार'. तो दोन्हीकडे चालतो. मग गप्प राहा आणि समोरच्याला पहिलं वाक्य बोलू द्या. तो ज्या भाषेत बोलेल तीच तुमची भाषा. कपाळावरचं कुंकू, विभूती, डोक्यावरची टोपी किंवा आडनाव बघून अंदाज बांधू नका, हमखास चुकतो. आपल्याकडे पाटील मराठीही असतात आणि कन्नडही. देसाई, कुलकर्णी, जोशी ह्यांचंही तेच. टोपीवाले चाचा तुमच्यापेक्षा चांगलं मराठी बोलतात, आणि तुम्ही मोडक्या हिंदीत सुरुवात केली की त्यांना परकं वाटतं. बाजारात ती चूक रोज होते.

कन्नड येत नसेल तर चार-पाच वाक्यं पाठ करा, पण 'री' सोडू नका. 'बर्री' (या), 'हेळ्री' (सांगा), 'तडीरी' (थांबा) ह्यातला तो 'री' म्हणजे आपल्या 'या की', 'बसा की' मधल्या मायेसारखा असतो आणि वर मानही देतो. 'बा' म्हणालात तर 'ये' म्हणालात. व्याकरण चुकलं तर लोक हसून दुरुस्त करतात. 'री' विसरलात तर तोंड फिरवतात. "ननग कन्नड स्वल्प बर्तैति री", म्हणजे 'मला कन्नड थोडं येतं', एवढं म्हणून बघा. निम्मे लोक लगेच स्वतःच मराठीवर येतात. हे मी कित्येकदा बघितलंय. उलट "मला कन्नड येत नाही" हे वाक्य छाती काढून म्हटलं की समोरचाही छाती काढतो. आणि मराठी समजणारा माणूस मुद्दाम कन्नडातच बोलत राहिला, तरी आपण त्याचं मराठी बाहेर काढायला जायचं नाही. त्याचे पैसे आहेत, भाषाही त्याची.

२०२५ च्या फेब्रुवारीत बेळगावजवळ एका बसमध्ये भाषेवरून वाद झाला, मारहाणीपर्यंत गेला, आणि मग दोन्ही राज्यांच्या बस काही दिवस सीमेच्या अलीकडे-पलीकडे अडकून राहिल्या. कोण चूक, कोण बरोबर ते पोलीस आणि कोर्ट बघतील. सीमेच्या पलीकडे ज्यांचं रोजचं येणं-जाणं होतं त्यांचा त्या वादाशी काडीचा संबंध नव्हता, आणि हाल मात्र त्यांचे झाले. आपल्या भागात एका तिकिटाएवढ्या जागेत झालेलं बोलणं कुठवर जाईल सांगता येत नाही. म्हणून इथं तोंड सांभाळणं ही निव्वळ हौस नाही.

हाक मारण्याचं थोडक्यात सांगतो. मामा, काका, अण्णा, अप्पा पुरुषांना चालतं. बायकांना अक्का किंवा ताई. चाळिशीतल्या बाईला 'आजी' म्हणणाऱ्या एका मुलाला तिनं सहा महिने दारात उभं केलं नव्हतं, आणि माझ्या मते बरोबर केलं. 'वहिनी' म्हणायचं तर तिच्या नवऱ्याशी ओळख पाहिजे. खातं उघडताना बाईला "मिस्टरांचं नाव?" हा पहिला प्रश्न नको, फॉर्मवर वडील किंवा पती असं दोन्ही असतं, "कुणाचं नाव लिहू?" एवढं पुरे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. 'नाही' कसं म्हणायचं. तुम्ही लिहिलंय की गोड बोललं की लोक गृहीत धरतात. माझ्या बघण्यात लोक गृहीत धरतात ते 'नाही' न म्हणणाऱ्याला. गोडव्याचा त्यात दोष नाही. आपल्या माणसांना तोंडावर नकार देणं जमत नाही. "बघूया की", "करूया की", "साहेबांच्या कानावर घालतो", "दोन दिवसांनी येऊन जावा". बोलणाऱ्याला वाटतं मी केवढा सभ्य, माणसाला दुखावलं नाही. ऐकणाऱ्याच्या मनात मात्र कर्ज मंजूर झालेलं असतं. तो घरी सांगतो, मुलीच्या लग्नाचा हॉल ठरवतो, आचाऱ्याला आगाऊ रक्कम देतो. मग तिसऱ्या हेलपाट्याला कळतं की जामीनदारच पात्र नव्हता आणि हे पहिल्याच दिवशी काउंटरवरच्या माणसाला माहीत होतं. ह्याच्याइतका असभ्यपणा दुसरा नाही, आणि तो सगळा गोड शब्दांत झालेला असतो.

म्हणून नकार त्याच दिवशी, बसवून, हळू आवाजात आणि कारणासकट. "काका, हे कर्ज इथं होणार नाही. तुमचे जामीनदार आधीच दोघांना जामीन आहेत, तिसऱ्याला चालत नाहीत. दुसरा जामीनदार मिळाला तर या, नाहीतर सोन्यावर कर्ज बघू. बाकी कुठं चौकशी करायची असेल तर आजच करा, माझ्यामुळं थांबू नका." माणूस तोंड पाडून जाईल. जाऊ दे. महिन्यानं तोच दुसऱ्याला घेऊन येतो आणि सांगतो, "ह्यांच्याकडं जा, जे असेल ते स्पष्ट सांगतात." 'नाही' बरोबर 'मग काय करता येईल' हे जोडता आलं तर जोडा. नसेलच काही, तर उगाच आशा लावून देऊ नका.

वेळेचंही असंच. सर्व्हर बंद आहे आणि तुम्ही म्हणता, "दोन मिनिटं." तासभर माणूस बाकावर. त्यापेक्षा "तीनच्या आधी काही होईलसं वाटत नाही, भाजी मार्केटचं काम उरकून या, तुमची स्लिप वर ठेवतो" म्हणा, आणि स्लिप खरंच वर ठेवा.

कागदपत्रं. एखादीचा नवरा गेलेला असतो, दिवसकार्य होऊन ती बाई भावाबरोबर येते. आत शिरताच "मृत्यूचा दाखला आणलाय?" हा प्रश्न नको. आधी पंख्याखाली बसवा, पाणी द्या. "ऐकलं आम्ही" एवढं म्हटलं तरी चालतं. मोठी सांत्वनं लागत नाहीत. पण पाणी देऊन झालं की खरं काम सुरू होतं, आणि तिथंच बहुतेक जण कमी पडतात. आज दाखला मागायचा, तो आणला की वारसाचं आधार, ते आणलं की दोन फोटो, मग मूळ पासबुक हरवलं म्हणून अर्ज. चंदगडच्या बाजूनं किंवा खानापूरच्या जंगलातल्या वाडीवरून आलेल्या बाईला एक हेलपाटा म्हणजे एक दिवसाचा रोजगार आणि दोन माणसांचं बसभाडं. सगळी यादी एकाच कागदावर, मोठ्या अक्षरात, तिला किंवा भावाला वाचता येईल त्या लिपीत लिहून द्या. खाली तुमचं नाव आणि फोन. झेरॉक्स तुमच्याच मशीनवर काढून द्या. त्या एका कागदाची किंमत दहा वेळा 'बसा, बसा' म्हणण्याहून जास्त आहे. नव्या मुलाची पारख करायची असली तर मी त्याचा नमस्कार बघत नाही, त्यानं लिहून दिलेली यादी बघतो.

रांग मोडणाऱ्याला कसं आवरायचं ते विचारलंत. त्याच्याशी भांडू नका, ज्याचा नंबर आहे त्याचं नाव घ्या: "ह्या मावशी आधी आल्यात दादा, त्यांचं झालं की तुमचंच घेतो." आणि मावशींचं काम हातात घ्या. संचालकाचा माणूस असला तरी हेच. पहिल्यांदा तो साहेबांकडे जाईल. साहेब शहाणे असतील तर चहा पाजून परत रांगेत पाठवतील.

आवाज चढवणाऱ्या माणसाला "शांत व्हा" म्हणू नका, तो कधीच होत नाही. "किती तारखेचं म्हणालात? किती रक्कम?" असं विचारून त्याच्यासमोर कागदावर लिहा. आकडे सांगताना माणसाला ओरडता येत नाही, बघा करून. चूक आपल्या संस्थेची निघाली तर जितक्या लोकांसमोर तो ओरडला तितक्याच लोकांसमोर "चूक आमची, तप्पात्री" (कन्नडात 'चूक झाली') म्हणायचं. केबिनमध्ये नेऊन हळूच नाही.

आणि कुठं थांबायचं तेही सांगतो, कारण तुमच्या प्रश्नात तीच भीती आहे. शिवी आली, काउंटरवरच्या मुलीला कुणी वेडंवाकडं बोललं, हात धरला, की काम तिथंच थांबतं. "हे शब्द इथं चालणार नाहीत. तुमचं काम मॅनेजर करतील." एवढंच, आणि ड्रॉवरला कुलूप लावून उठायचं. शिवीला शिवी नको, हात जोडणं तर मुळीच नको. अशा वेळी हात जोडणारा माणूस शेजारी बसलेल्या मुलीला वाऱ्यावर सोडतो.

वसुलीवर अजून तुम्हाला पाठवलेलं नाही, तरी आधीच सांगून ठेवतो. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२२ मध्ये बँका आणि फायनान्स कंपन्यांना बजावलं की थकबाकीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही. आम्ही पतसंस्थेतही तेच पाळायला लावतो. २०२५ च्या फेब्रुवारीत कर्नाटक सरकारला छोट्या कर्जांच्या जबरदस्तीच्या वसुलीविरुद्ध अध्यादेश काढावा लागला, त्यात दहा वर्षांपर्यंत कैद ठेवली. दारात बसून राहणं, शेजाऱ्यांना सांगणं, बाईमाणसाला चार लोकांत बोलणं, हे प्रकार वाढले म्हणून ही वेळ आली. माझा अनुभव असा की गल्लीत मोठ्यानं नाव घेऊन विचारलं की एक हप्ता मिळतो आणि माणूस कायमचा जातो. शेतात गाठून बांधावर बसून विचारलं की तो स्वतः सांगतो, ऊस कारखान्याला गेलाय, बिल कधी येणार, त्यातले किती देणार. तारीख त्याच्या तोंडून आलेली असली की तो ती पाळायची धडपड करतो. सगळेच पाळतात असं नाही. न पाळणाऱ्यासाठी नोटीस आहे, कोर्ट आहे. ती पाठवतानाही पाकिटावर 'श्री.' लिहायचं.

शेवटचा भाग चहाचा. तुम्ही प्रश्नात तो विचारला नाही, पण पहिल्या आठवड्यातच अडणार आहात. खडेबाजारातून नरगुंदकर भावे चौकापर्यंत फेरी केलीत की प्रत्येक तिसरा दुकानदार म्हणणार, "चा घ्या की." सगळीकडे घेतला तर रात्रभर झोप नाही, आणि 'नको' म्हटलं तर माणसाला वाटतं आपल्या हातचं चालत नाही. मी असं करायचो: "आज नको, सोमवारी तुमच्याकडंच घेतो" म्हणायचं आणि सोमवारी खरंच त्यांच्याकडेच घ्यायचा, आठवण त्यांनी करून द्यायच्या आधी. वार वाटून घ्या. ज्या गाड्यावाल्याचा धंदा बेताचा आहे त्याच्याकडे अर्धा कप मागा, तेवढा खर्च त्याला जड जात नाही आणि मानही राहतो. बदल्यात त्याला पिग्मीत सूट द्यायची नाही, हिशेब एक रुपयाही इकडचा तिकडं नाही. आणि साखर कमी हवी असेल तर पहिल्याच दिवशी सांगून टाका. एकदा गोड पिऊन दाखवलात की पुढं तसाच येत राहणार.